अडवी रामुडू आणि माझ्या कपाटातलं सर्क्युलर



गेले काही दिवस सगळे थिएटरच्या आठवणी लिहितायत, मी रोज वाचतोय. राजेश खन्ना झाला, दादा कोंडके झाले, भावाबरोबर शाळा बुडवून पाहिलेले इंग्रजी सिनेमे झाले. पण एका गोष्टीचं नवल वाटतं. आपल्या दोन-दोन, तीन-तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या, आणि तेलुगू सिनेमाचं नाव एकानंही काढलं नाही! घरात मराठी, गल्लीत उर्दू, ऑफिसात इंग्रजी, आणि तेलुगू फक्त भाजीवालीशी, असं आपलं चाललं बहुतेक.

म्हणून आज एका तेलुगू सिनेमावर लिहितो. मी काही समीक्षक नव्हे. बद्रुका कॉलेजचा बी.कॉम., आणि एकोणचाळीस वर्षं बँकेत खर्डेघाशी. त्यामुळे खतावणीच्या पद्धतीनं लिहिणार. आधी नावे बाजू, मग जमा, मग शिल्लक काय राहिली ते.

सिनेमा ‘अडवी रामुडू’. अडवी म्हणजे जंगल, रामुडू म्हणजे राम. २८ एप्रिल १९७७ ला लागला. नायक एन. टी. रामाराव, नायिका जयाप्रदा आणि जयसुधा, खलनायक नागभूषणम आणि सत्यनारायण. दिग्दर्शक के. राघवेंद्र राव, संगीत के. व्ही. महादेवन यांचं, गाणी वेटूरींची, संवाद जंध्यालांचे. चार वर्षं आधी कन्नडमध्ये राजकुमारांचा ‘गंधद गुडी’ आला होता, त्याच्यावर हा बेतलेला. गोष्ट अगदी सरळ. जंगलात चोरट्यांचं राज्य, वनवासी त्यांच्या जाचात, तिथं रामू नावाचा एक मर्द गडी येतो, चोरट्यांना बडवतो, वनवाश्यांचा देव होतो, आणि शेवटी कळतं की हा तर सरकारी अधिकारी! संपलं. तीन तासांत न्याय.

मी तो पहिल्यांदा त्याच उन्हाळ्यात पाहिला, नारायणगुड्याच्या बाजूला, चार मित्रांबरोबर. मी पंचवीस वर्षांचा, नोकरीला चार वर्षं झालेली. तेलुगू निम्मं समजत होतं. पण त्या हॉलमध्ये भाषा लागतच नव्हती हो! रामाराव पडद्यावर आले की चिल्लर उडायची, कागदाचे कपटे उडायचे, कुणीतरी खुर्चीवर उभं राहून पडद्याला कापूर ओवाळायचं. ते कपडे वाळत घालण्याचं गाणं लागलं तेव्हा तर माझ्या पुढचा माणूस शर्ट काढून फिरवत होता. आम्ही आपले वरणभात खाणारे चौघे मराठी, आधी अंग चोरून बसलो, आणि मध्यंतरानंतर आम्हीही शिट्या मारायला लागलो. घरी जाऊन वडिलांना सांगितलं, ‘ठीक आहे, टाइमपास.’

त्याच वर्षाअखेर मला ऑफिसर केलं आणि बदली झाली आदिलाबाद जिल्ह्यात, आठवडी बाजाराच्या एका गावी. आईनं रडून घेतलं. मी मात्र मनातून खूश. म्हटलं, चला, आता खरं जंगल बघू.

आणि तिथं गेल्यावर सिनेमाची नावे बाजू एकेक करून लिहिली जायला लागली.

पहिली गोष्ट, हत्ती. ‘अडवी रामुडू’चं शूटिंग झालं मुदुमलैला, निलगिरीच्या पायथ्याशी. तिथं हत्ती आहेत. सिनेमातले हत्ती माणसाळलेले, नायकाच्या शब्दाबाहेर नाहीत. आमच्या आदिलाबादेत साग होता, मोह होता, वाघ होते, अस्वलं होती, हत्ती औषधाला नव्हता. इतक्या वर्षांनी, २०२४ च्या एप्रिलात, एक रानहत्ती गडचिरोलीकडून प्राणहिता ओलांडून आसिफाबादकडे आला. दोन दिवसांत दोन शेतकरी मेले. पेपरात वाचलं तेव्हा मला तो सिनेमा आठवला. पडद्यावरचा हत्ती आणि शेतात शिरलेला हत्ती, यांत एवढं अंतर असतं.

दुसरी गोष्ट, डास. पूर्ण सिनेमात एकही डास नाही! चिखल नाही, जळू नाही, पायात काटा मोडत नाही. मी पहिल्या पावसाळ्यात दोनदा मलेरियानं पडलो. थंडी भरून आली की दोन गोधड्या, वर बँकेची सतरंजी, तरी दात वाजायचे. क्लोरोक्विनच्या गोळ्यांची ती कडू चव अजून जिभेवर आहे.

तिसरी गोष्ट, नायकाचं वय. रामाराव तेव्हा चोपन्नाच्या उंबरठ्यावर, आणि नायिका मुलीच्या वयाच्या. तेव्हा खटकलं नव्हतं, आता बघताना खटकतं. माझी नात त्या वयाची आहे म्हणून असेल.

चौथी गोष्ट सगळ्यांत मोठी. सिनेमातले वनवासी म्हणजे एक जथा. नाचायचं असेल तेव्हा नाचायचं, रडायचं असेल तेव्हा रडायचं, बाकी वेळ रामूची वाट बघायची. मी ज्यांच्यात जाऊन पडलो ते गोंड तसे नव्हतेच. बाया आमच्या आजीसारखं लुगडं नेसायच्या. आपसात गोंडी, पण बाजारात आमच्याशी बोलायचे मराठीत! सोपं आहे, १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. भाषावार रचनेत ते तिकडे गेले, माणसं आणि बोली दोन्हीकडे राहिली. हैदराबादेत माझ्या तेलुगूला हसायचे, इथं माझ्या मराठीला हसायचे. म्हणायचे, ‘साहेब पुस्तकावानी बोलते.’ दिवाळीला दंडारी निघायची, मोरपिसांचे ते भलेमोठे टोप घालून गुसाडी नाचायचे. पौषाच्या अवसेला केसलापूरला नागोबाची जत्रा. त्यांचं स्वतःचं सगळं होतं, देव होते, कुळं होती, पंचायत होती. नव्हता तो फक्त कागद.

आता कागदाची गोष्ट सांगतो. ही आजवर फक्त सौ.ला माहीत होती.

माझ्या टेबलाशी एक म्हातारा गोंड यायचा. धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात काठी. बैलजोडीसाठी कर्ज हवं होतं. एक बैल मेला होता, पेरणी तोंडावर आलेली. मी विचारलं, जमिनीचा कागद? पट्टा? पहाणीचा उतारा? नव्हता. आज्यापासून कसत आलेली जमीन, पण सरकारदप्तरी राखीव जंगल. मी म्हटलं, कागद आणा. दुसऱ्यांदा आला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी मान वर न करता सांगितलं, ‘कागदाशिवाय होत नाही, दादा.’ नियम होता. मी काही लाच मागितली नाही, अपमान केला नाही. नियम सांगितला.

१९७८ च्या उन्हाळ्याची ही गोष्ट. त्यानंतर महिनाभरानं गावात तंबूचा सिनेमा आला, टुरिंग टॉकीज. बाजाराच्या रात्री खेळ, आणि खेळ कुठला तर ‘अडवी रामुडू’! आम्हा साहेब लोकांना मागे लोखंडी खुर्च्या, बाकी सगळे खाली मातीवर. प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे, शेंगदाणेवाला फिरून यायचा. समोरच्या निम्म्या लोकांना तेलुगू समजत नव्हतं. आमच्या बँकेचा शिपाई तिथलाच, तो मध्ये उभा राहून मोठ्यानं गोंडीत सगळं सांगत होता, आणि मला शंका आहे की त्यात पदरचंही बरंच घालत होता, कारण साध्या प्रसंगालाही लोक खो खो हसत होते.

हत्ती आला तेव्हा तंबू चिडीचूप. मग पुढून एक पोरगं ओरडलं, ‘एवढा खाते काय?’ रामाराव धावत सुटले तेव्हा एक बाई म्हणाली, ‘पायात बूट हाय, त्याले काय!’ म्हणजे मी महिनोन्महिने लावलेला हिशेब त्यांनी तीन मिनिटांत लावला. खोटं काय ते त्यांना माझ्याआधी कळत होतं. आणि तरीही, पहिला चोरटा जमिनीवर आपटला तेव्हा जी शिटी पडली, तशी नारायणगुड्यालाही ऐकली नव्हती.

खेळ सुटला. कंदील घेऊन लोक निघाले. बाहेर तोच म्हातारा भेटला. ‘राम राम साहेब. बेस होता जी सिनेमा.’ मी शिकलेला माणूस ना! म्हटलं, ‘अहो दादा, सगळं खोटं असतं ते. जंगल इकडचं नाही, हत्ती पाळीव, मारामारी लटकी.’

तो म्हणाला, ‘ते ठावं हाय जी. पन थो साहेब चालत आला ना. कागद नाई मागतला.’

टोमणा नव्हता त्यात. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला, आणि पोरांना हाका मारत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेलो आणि का कोण जाणे, कपाटातून सर्क्युलरची फाईल काढली. वर धूळ. त्यात डी.आर.आय.चं सर्क्युलर होतं. जुन्या बँकवाल्यांना आठवेल, १९७२ साली सुरू झालेली योजना. अगदी गरिबाला चार टक्के व्याजानं लहान कर्ज, आणि वेगळं तारण लागत नाही. आदिवासींचा तर त्यात खास उल्लेख. जमिनीच्या कागदावाचून त्या म्हाताऱ्याचा बैल त्या योजनेत बसत होता. पहिल्या दिवसापासून बसत होता. कागद माझ्याच कपाटात होता, आणि मी त्याला तीनदा सांगितलं, कागद आण.

त्याच आठवड्यात शिपायाला घेऊन सायकलनं त्याच्या गावी गेलो. वाटेत दोन ओढे, सायकल खांद्यावर. म्हातारा घरी होता. मी फॉर्म काढला. त्यानं पाणी दिलं, बसवलं, आणि सांगितलं की बैल आता नको. पेरणी टळू नये म्हणून सावकाराकडून पैसे उचलले होते. उरलेला बैल सावकाराकडे गेला, आणि थोरला मुलगा त्याच्याकडे सालावर राहिला. ‘आता बैल घेऊन जुपील कोन?’ एवढंच म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या वर्षी मी त्या भागात चौदा डी.आर.आय. कर्जं केली. बारा पूर्ण फिटली, हे वसुलीचं प्रमाण शहरातल्या शेठजींनाही जमत नाही. मॅनेजरांनी शाबासकी दिली. पण पंधरावं व्हायला हवं होतं ते पहिलं, आणि ते झालं नाही.

तर आता जमा बाजू.

‘अडवी रामुडू’ खोटा आहे, ढोबळ आहे, पण त्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती त्या म्हाताऱ्यानं बरोबर उचलली. साहेब जंगलात गेला पाहिजे. टेबल सोडून, चालत. सिनेमात त्याला गाणी आहेत, हत्ती आहेत, म्हणून ती गंमत वाटते. पण गोडी तिथंच आहे. शिटी मारणाऱ्याला हत्ती खरा वाटत नव्हता, त्याला तो साहेब खरा व्हायला हवा होता. एका गाण्यात वाल्मीकी, एकलव्य, शबरी येतात, तिघंही रानातली माणसं, आपल्या कष्टानं मोठी झालेली. तेवढं गाणं तरी वनवाश्यांना जथा समजत नाही. म्हणून ते मला सगळ्यांत आवडतं.

आणि असे साहेब नव्हतेच असंही नाही. आपलेच सेतुमाधवराव पगडी घ्या. आपण त्यांना शिवकालाचे अभ्यासक म्हणून ओळखतो. पण निजामाच्या काळी ते आदिलाबादेत अधिकारी होते, गोंडी शिकले, गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. हैमेंडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन अभ्यासक मारलावाईला गोंडांच्यात झोपडी बांधून राहिले. गोंड पोरांसाठी गोंडीतून शाळा निघाल्या, आणि गोंडीची ती पहिली पुस्तकं आपल्या देवनागरीत होती! मी तिथं नोकरी केली तेव्हा यातलं काही मला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर वाचलं. वाटलं, बदलीच्या ऑर्डरबरोबर हे पुस्तक कुणी हातात ठेवलं असतं तर!

पण हैमेंडॉर्फना सरकारनं पाठवलं का? कारण १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम गोळीबारात पडला. बारा गावांचा हक्क मागत होता. पाणी, जंगल, जमीन आमची, म्हणत होता. म्हणजे साहेब चालत आला, पण आधी गोंडांना मरावं लागलं. हे ‘अडवी रामुडू’त येत नाही. तिथं साहेब आपला चांगुलपणानं येतो.

आता पंचेचाळीस वर्षं पुढे या. २०२२ मध्ये नातवानं मला ‘आर.आर.आर.’ला नेलं. योगायोग बघा, ज्या रामारावांनी जंगलचा राम केला, त्यांचाच नातू, ज्युनियर एन.टी.आर., इथं कोमराम भीम झालेला. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, आता तरी गोंडच नायक!

मजा आली, खोटं कशाला बोलू. वाघाला दोराला धरून ठेवतो काय, गाडीतून जनावरांचा लोंढा घेऊन गव्हर्नरच्या वाड्यात घुसतो काय. सत्तरीतला माणूस मी, टाळ्या वाजवल्या. खरा भीम निजामाच्या माणसांशी लढला, अल्लूरी सीतारामराजूशी त्याची गाठ पडली नव्हती, राजू तर १९२४ लाच गेला. पण ठीक आहे, राजमौळींनी गोष्ट रचली आहे, इतिहासाचा पेपर लिहिलेला नाही.

खटकलं ते शेवटी. राम विचारतो, तुला काय हवं? आणि भीम मागतो अक्षर. मला नि माझ्या लोकांना शिकव. नातू म्हणाला, ‘किती छान ना आजोबा!’ मला काही छान वाटेना. भीमाच्या चरित्रात सांगतात की तो तरुणपणी चांद्याकडे पळाला, तिथं विठोबा नावाच्या छापखानेवाल्याकडे राहिला आणि लिहा-वाचायला शिकला. म्हणजे त्यानं अक्षर मिळवलं ते स्वतः वणवण करून, आणि मिळवून परत जंगलात गेला. पडद्यावर मात्र तो पुन्हा हात पसरून उभा. आजोबांच्या सिनेमात जथा वाट बघत होता, नातवाच्या सिनेमात नायकच वाट बघतोय. एवढा खर्च झाला, हत्तीच्या जागी कॉम्प्युटरचा वाघ आला, गाणं तिकडे युक्रेनमध्ये कीवला जाऊन चित्रित केलं, त्याला ऑस्करही मिळालं, पण ही एक खोड काही सुटली नाही.

कुणी म्हणेल, काका, सिनेमा आहे, इतकं काय मनाला लावून घेता? त्यांना माझं एकच सांगणं. सिनेमातला हत्ती खोटा असला तर कुणाचं बिघडत नाही, तंबूतल्या पोरालाही ते कळतं. पण जंगलातला माणूस म्हणजे वाट बघणारा, मागणारा, अडाणी, हे एकदा मनात बसलं की टेबलामागचा पंचवीस वर्षांचा पोरगा मान वर करत नाही. ‘कागद आण’ म्हणतो. कागद स्वतःच्या कपाटात असताना. ते मी करून बसलोय, म्हणून बोलतो.

तर शिल्लक काढतो. ‘अडवी रामुडू’ आजही बघावा, कुटुंबासह बघावा, शिट्या माराव्यात. ‘आर.आर.आर.’ही बघावा. जंगलाच्या सिनेमाची गंमत घ्यायला लाजू नये, त्या म्हाताऱ्यानंही घेतली. मात्र बघून झाल्यावर एकदा आसिफाबादची बस धरावी. मी नातवाला घेऊन गेलो होतो, गेल्या हिवाळ्यात. केरमेरीचा घाट चढून जोडेघाटला भीमाचं स्मारक आहे, संग्रहालय आहे. तिथं एक गोंड मुलगी, कॉलेजात शिकणारी, आपल्या लहान भावाला पाटीवरचं सगळं वाचून दाखवत होती, तेलुगूतून वाचायची आणि गोंडीत सांगायची. नातवानं तिला विचारलं, ‘आर.आर.आर. पाहिला का?’ ती म्हणाली, ‘दोनदा. पण भीम असा बोलत नसेल.’

परतीच्या वाटेवर ज्या गावी सायकल खांद्यावर घेऊन गेलो होतो, त्याचा फाटा लागला. उतरावं असं फार वाटलं. म्हातारा आता कुठला असायला, पण सालावर राहिलेला तो मुलगा असेल, माझ्याच वयाचा. बस थांबली होती मिनिटभर. मी उतरलो नाही. काय सांगणार होतो त्याला?

बदलीवर अशा भागात राहिलेले कुणी असतील तर जरूर लिहा. चू. भू. द्या. घ्या.